दुर्मिळ साप आणि सरडे रानात कसे शोधावेत

१९९२ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बर्रा गावाजवळ रस्त्यावर एक ब्राऊन स्नेक मेलेला आढळला. त्याच्या पोटात काय आहे ते पाहिलं, तर आत एक बुटकी सापसुरळी निघाली. निळ्या जिभेच्या सापसुरळ्यांमधली ही सगळ्यात लहान जात. १९५९ नंतर ती कुणाला दिसलीच नव्हती, नामशेष झाली असंच सगळे धरून चालले होते. मग त्या भागात जिवंत सापसुरळ्यांचा शोध सुरू झाला आणि उलगडा झाला. ही सापसुरळी उघड्या गवताळ माळावर, कोळ्यांनी खणलेल्या उभ्या बिळांत राहते. बिळाच्या तोंडाशी डोकं ठेवून बसते, किडा जवळून गेला की झडप घालते आणि परत आत. माळावर मेंढ्या चरायच्या. माणसं तिथून रोज ये-जा करत होती. बोटभर रुंदीच्या भोकात वाकून पाहावं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं, एवढंच.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शोधाबद्दल मला जे सांगायचं आहे ते या एका गोष्टीत आहे. प्राणी शोधत फिरलात तर पाय दुखतील. त्याची जागा आणि त्याची वेळ शोधलीत, तर प्राणी तिथे असतो. आणि ती जागा आपल्या हातून मोडली, तर तो पुन्हा कधीच दिसणार नाही. पुढचं सगळं याच क्रमाने लिहिलं आहे.

आधी घरी बसून करायचं काम

सुरुवात एका जातीपासून करा. "जे दिसेल ते बघू" म्हणून निघालात तर नेहमीचेच साप दिसतात, कारण तुम्ही नेहमीच्याच वाटेने जाता. एक जात ठरवली की प्रश्न नेमके होतात. ती खाते काय? दिवसा फिरते की रात्री? जमिनीखाली, जमिनीवर, झाडावर की पाण्यात? किती उंचीवर नोंदली गेली आहे, माती कसली, जवळ पाणी होतं का? विणीचा काळ कोणता? आधीच्या नोंदी कोणत्या महिन्यांतल्या आहेत?

या शेवटच्या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्या. जुने शोधनिबंध, संग्रहालयांच्या याद्या आणि आयनॅचरॅलिस्टसारख्या नोंदस्थळांवरून त्या जातीच्या सगळ्या नोंदी एका वहीत महिन्यावार उतरवून काढा. बारा महिन्यांपैकी दोन-तीन महिन्यांतच नोंदींची गर्दी दिसली, तर तुमचं अर्धं काम तिथेच झालं. जुन्या नोंदीत स्थळ मोघम असलं तरी सोबतचे शब्द मोलाचे असतात. "कुजलेल्या ओंडक्याखाली", "पावसानंतर वाटेवर", "विहीर खणताना तीन हात खोल" अशी चार अक्षरंही प्राण्याच्या राहणीबद्दल बरंच सांगून जातात.

इथेच एक फरक मनाशी पक्का करा. काही जाती खरोखर थोड्या उरल्या आहेत, आणि काही जाती संख्येने बऱ्या असूनही नजरेला पडत नाहीत, कारण वर्षातले बहुतेक दिवस त्या जमिनीखाली असतात. पहिल्या प्रकारात प्रत्येक भेट जपून करायची असते. दुसऱ्या प्रकारात योग्य आठवडा गाठणं हेच खरं कौशल्य.

मग नकाशा. उपग्रहाच्या चित्रात कडे, ओढे, पडीक भिंती, दगडांचे ढीग, रानाची कड हे सगळं दिसतं. जंगल आणि मोकळं रान जिथे भेटतं ती कड बहुतेक जातींना आवडते. ऊन, आडोसा आणि भक्ष्य या तिन्ही गोष्टी तिथे हाताच्या अंतरावर असतात.

आणि माणसं. गुराखी, शेतकरी, लाकूडफाटा गोळा करणाऱ्या बायका यांनी जेवढे साप पाहिलेले असतात तेवढे अभ्यासकांनी क्वचितच पाहिले असतील. फक्त विचारताना एक चूक टाळा. मोबाईलवर फोटो दाखवून "हा साप इकडे आहे का?" असं विचारलं की निम्मे लोक आदराने "हो" म्हणतात. त्याऐवजी विचारा, "तुम्ही कोणकोणते साप बघितलेत? कुठे? काय करत होता? पाऊस होता का?" वर्णन त्यांचं त्यांनी करू दे, फोटो सगळ्यात शेवटी काढा. १९१२ साली शास्त्राला कळलेलं केरळच्या रानातलं एक कासव पुढे कित्येक दशकं कुणाला दिसलं नव्हतं. १९८२ मध्ये जे. विजया या तरुण संशोधिकेने ते पुन्हा शोधलं, तेही जंगलात मुक्काम ठोकून आणि तिथल्या आदिवासींच्या ज्ञानाचा आधार घेऊन. त्या कासवाच्या प्रजातीकुळाला आज विजयाकेलिस हे नाव आहे.

परवानगीचं कामही याच टप्प्यात उरकायचं. देशोदेशीचे नियम वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये स्मूथ स्नेक या सापाला हात लावायला परवाना लागतो. न्यूझीलंडमधल्या स्थानिक पाली आणि सापसुरळ्यांना कायद्याचं संरक्षण आहे. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे, आणि अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही. खासगी जमीन असेल तर मालकाला भेटा. रात्री टॉर्च घेऊन परक्याच्या शेतात फिरणारा माणूस चोरच वाटतो, हेही लक्षात असू द्या.

वेळ आणि हवामान

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शरीराला उष्णता बाहेरून घ्यावी लागते. त्यांचा सगळा दिनक्रम या एका गोष्टीभोवती फिरतो, म्हणून तुमचंही वेळापत्रक तिच्याभोवतीच लावा.

थंड प्रदेशात हिवाळी झोपेनंतरचे पहिले आठवडे सोन्याचे. युरोपातल्या ॲडर या घोणसवर्गीय सापाचे नर फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये माद्यांच्या आधी बाहेर येतात आणि शरीर चपटं करून तासन्‌तास ऊन खात पडतात. गवत अजून वाढलेलं नसतं, साप सुस्त असतो, झोपेची जागा जवळ असल्यामुळे तो फार लांब जात नाही. अशा वेळी सकाळी ऊन पडल्यानंतरचे दोन तास गाठायचे. दुपारी हवा तापली की त्याला उन्हात पडायची गरज उरत नाही आणि तो आडोशाला जातो. म्हणूनच लख्ख, कडक उन्हाचा दिवस आपल्याला छान वाटला तरी सापासाठी तो बरेचदा वाया जातो. ढगाळ हवा, मधूनच पडणारं कोवळं ऊन आणि शांत वारा असा दिवस पकडा.

वाळवंटात आणि उष्ण माळांवर चित्र उलटं. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावर हालचाल सुरू होते. मोसमी पावसाच्या प्रदेशात पहिल्या दमदार सरींनंतरच्या रात्री वर्षभरातल्या सगळ्यात चांगल्या. माती मऊ होते, बिळांत पाणी शिरतं, गांडुळं आणि बेडूक वर येतात आणि त्यांच्या मागे साप. जमिनीत राहणारे छोटे साप एरवी अशक्यच असतात, पण त्या आठवड्यात वाटेवर, पायरीवर, रस्त्याच्या कडेला दिसतात.

जोराचा वारा सुटला असेल तर मी शक्यतो बाहेर पडत नाही. सगळं रान हलत असताना एक साप हलला तर कळत नाही. पौर्णिमेच्या आसपासच्या लख्ख चांदण्यात उघड्यावर येणाऱ्या निशाचर सापांची हालचाल कमी असल्याचा अनुभव अनेकांना आहे. शिकारी पक्ष्यांना ते सहज दिसतात, हे त्याचं कारण असावं.

साधा तापमापक जवळ ठेवा, आणि हवेबरोबर दगडाखालचं तापमानही मोजा. पहिल्या वर्षी हे आकडे निरर्थक वाटतील. दुसऱ्या वर्षी वही उघडलीत की कोणत्या तापमानाला दगडाखाली काहीतरी होतं आणि कोणत्या तापमानाला नुसत्या मुंग्या होत्या, हे डोळ्यांसमोर उभं राहील.

सोबत काय न्यायचं

फार काही लागत नाही. घोट्याच्या वर येणारे जाड बूट आणि लांब, सैल पँट. दोन टॉर्च, कारण एक बंद पडतोच. लांब दांड्याचा हुक किंवा मजबूत काठी, जवळचंही स्पष्ट दाखवणारी दुर्बीण, कपारीत उन्हाचा कवडसा पाडायला छोटा आरसा, वही-पेन्सिल, पाणी, रुंद लवचीक बँडेज. सोबत एक माणूस, हे सगळ्यात महत्त्वाचं. हातमोज्यांवर विसंबू नका, लांब दातांच्या सापापुढे बहुतेक हातमोजे टिकत नाहीत. प्राणी भरून आणायला पिशवी किंवा बरणी मुळीच घेऊ नका. जवळ असली की कधीतरी वापरावीशी वाटते.

नजर कशी लावायची

नवख्या माणसाची नजर "साप" शोधते, म्हणजे लांब, वळवळणारी वस्तू. पण निवांत पडलेला साप तसा कधी दिसत नाही. दिसतं ते एक चुकीचं वळण. सगळ्या गवताच्या काड्या सरळ असताना एक काडी जाड आणि गोलाकार. पालापाचोळ्यात सगळं सुरकुतलेलं, आणि मधेच एक तुकडा एकसारख्या बारीक खवल्यांचा. कोरड्या मातीवर ओलसर वाटणारी चकाकी. डोळ्यांना या गोष्टी शिकवाव्या लागतात, आणि त्या सावकाश चालल्यावरच शिकता येतात. दहा पावलं, मग थांबा. आजूबाजूची दोन-तीन मीटर जमीन नजरेने पुसून काढा, मग पुढची दहा पावलं.

सूर्य पाठीशी असला तर प्रकाश चांगला मिळतो, पण आपली सावली प्राण्यावर पडू देऊ नका. ऊन खात पडलेल्या सापावर सावली सरकली की तो गेलाच. पाऊल टेकताना दणका नको. सापाला जमिनीतून येणारी कंपनं फार लवकर कळतात.

कानही उघडे ठेवा. सरडा किंवा सापसुरळी पळते तेव्हा पाचोळ्यात तुटक आवाज येतो, खसखस, थांबली, परत खसखस. साप निघाला की आवाज एकसंध येतो, कुणी कापड ओढून नेल्यासारखा. एकदा हा फरक कानात बसला की तुम्ही योग्य दिशेला योग्य वेळी वळता.

प्राणी निसटला तर मागे धावू नका. जागा लक्षात ठेवा, अर्ध्या तासाने लांबूनच दुर्बिणीने पाहा. ऊन खायची आवडती जागा प्राणी सहसा सोडत नाही, बरेचदा तो तिथेच परत येऊन पडलेला असतो.

दगड उचलताना

या भागावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त प्राणी इथेच सापडतात आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं.

सिडनीच्या परिसरातल्या वालुकाश्माच्या कड्यांवर ब्रॉड-हेडेड स्नेक नावाचा एक विषारी साप राहतो. थंडीच्या महिन्यांत तो कड्यावरच्या सपाट, पातळ शिळांखाली असतो. उन्हाने अशी शिळा लवकर तापते आणि खालची फट त्याच्या अंगाला बरोबर बसते. उन्हाळ्यात तो झाडांच्या ढोल्यांत जातो. बागेच्या सजावटीसाठी लोकांनी नेमक्या याच शिळा उचलून नेल्या आणि साप कमी होत गेले. जोनाथन वेब, रिचर्ड शाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांच्या कामातून एक गोष्ट पुढे आली, ती मी कधी विसरत नाही. शिळा नेली नाही, फक्त मूळ जागेवरून थोडीशी सरकून राहिली, तरी खालच्या फटीचा आकार आणि ऊब बदलते, आणि प्राणी ती वापरेनासे होतात. पाहणाऱ्याला दगड जागेवर दिसतो. आतलं घर मात्र मोडलेलं असतं.

म्हणून उचलण्याआधी पाहा. दगडाच्या कडेला मातीत बसलेली रेघ असते, शेवाळाची किंवा ओलाव्याची. तिचा एक फोटो काढून ठेवा. दगडाच्या मागे उभे राहा आणि पलीकडची कड धरून, हुकाने किंवा बोटं आत न घालता, दगड आपल्याकडे उचला. म्हणजे तुमच्या आणि खालच्या प्राण्याच्या मध्ये दगड ढालीसारखा राहतो आणि प्राण्याला पळायला समोरची बाजू मोकळी मिळते. दोन-तीन सेकंदात पाहून घ्या. खाली कुणी असेल तर दगड त्याच्यावर परत टेकवू नका. तो बाजूला सरकू दे किंवा हुकाने हलकेच सरकवा, आधी दगड त्या रेघेत नीट बसवा आणि मग त्याला कडेने आत जाऊ द्या. पांढरी, लांबट, मऊ कवचाची अंडी दिसली तर हात न लावता लगेच झाकायचं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांतला गर्भ आत कवचाला चिकटलेला असतो, अंडं फिरलं तर तो मरू शकतो.

कडक उन्हात दगड उचलू नका, कारण खालचा ओलावा त्या अर्ध्या मिनिटात उडून जातो. ओंडके फोडू नका. कड्याला चिकटलेले पापुद्रे पहारीने उचकटू नका, ते तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात आणि परत चिकटवता येत नाहीत. एका जागेचे सगळेच दगड एका दिवशी पाहू नका, पाचातला एक पुरे. आणि गेल्या आठवड्यात पाहिलेला दगड या आठवड्यात तसाच राहू द्या.

याहून चांगला उपाय म्हणजे आपणच आडोसा तयार करणं. ब्रिटनमध्ये सर्वेक्षण करणारे लोक नालीदार पत्र्याचे किंवा डांबरी कापडाचे तुकडे उन्हाच्या कडेला, गवतात टाकून ठेवतात. पत्रा सकाळी लवकर तापतो आणि प्राणी त्याच्या वर किंवा खाली येऊन बसतात. बिनपायांचा स्लो वर्म हा सरडा तर मुख्यतः अशाच पत्र्यांखाली सापडतो. जमीनमालकाची परवानगी घेऊन असे दहा-पंधरा तुकडे टाका, त्यांना क्रमांक द्या आणि निदान काही आठवडे त्यांच्याकडे फिरकू नका. खाली वास, ओलावा आणि किड्यांची वस्ती जमायला तेवढा वेळ लागतो. पाहणी संपली की सगळे तुकडे मोजून परत आणा.

रात्रीची फेरी

टॉर्च हातात खाली धरून चालणाऱ्याला रात्री अर्धं रान दिसतच नाही. प्रकाश डोळ्यांच्या रेषेत हवा, कपाळावर किंवा गालाशी धरलेला. प्राण्याच्या डोळ्यात शिरलेला प्रकाश आला त्याच दिशेने परत जातो, त्यामुळे टॉर्च आणि तुमचा डोळा जवळजवळ असतील तरच ती चमक तुम्हाला दिसते. मगरीचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात, अनेक पालींचेही चमकतात. सापांच्या बाबतीत मात्र चमकेवर भिस्त ठेवू नका, ती अगदी फिकी असते. तिथे खवल्यांची झळाळी आणि फांदीवरचं वेगळं वळण पाहायचं.

झाडावरचे बरेच दिनचर प्राणी रात्री शोधणं सोपं जातं. शॅमेलिऑन सरडा दिवसा पानांत असा मिसळलेला असतो की हातभर अंतरावरूनही दिसत नाही. रात्री तो बारीक फांदीच्या टोकाला शेपटीची गुंडाळी करून झोपतो आणि त्याचा रंग फिका पडतो. टॉर्चच्या उजेडात हिरव्या झुडपात एक पांढुरकं पान लटकल्यासारखं दिसतं. जवळ गेलं की त्या पानाला मिटलेले डोळे आणि दोन-दोन, तीन-तीन बोटांच्या मुठी असतात. टोकाची फांदी तो मुद्दामच निवडतो. कुणी झाडावर चढून जवळ येऊ लागलं तर फांदी हलते आणि त्याला जाग येते. तुमचा धक्काही त्याला तसाच जागं करतो, म्हणून झुडपाला हात लावू नका. मादागास्करमधल्या ब्रूकेशिया कुळातले जेमतेम बोटाच्या पेराएवढे शॅमेलिऑनही दिवसभर पाचोळ्यात असतात आणि रात्री झोपायला जमिनीपासून वीतभर उंचीच्या रोपांवर चढतात. ते शोधायचे तर रात्री गुडघ्यांवर बसूनच.

रस्त्यावरून हळू गाडी चालवत शोधण्याची पद्धत जुनी आहे. रॅटलस्नेकचे अभ्यासक लॉरेन्स क्लॉबर यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात रात्री गाडी चालवत सापांच्या भरपूर नोंदी केल्या. डांबर दिवसाची ऊब धरून ठेवतं म्हणून साप तिथे रेंगाळतात. वर्दळ नसलेला रस्ता निवडा, वेग ताशी वीस-तीस किलोमीटरच्या वर नेऊ नका, थांबताना गाडी पूर्ण कडेला घ्या आणि एक जण फक्त मागून येणाऱ्या वाहनांवर लक्ष ठेवू दे. चिरडलेला साप दिसला तर वाईट वाटतं, तरी थांबून त्याची नोंद करा. बर्राची सापसुरळी अशाच एका मेलेल्या सापामुळे सापडली.

प्राणी समोर आल्यावर

पहिलं काम म्हणजे थांबणं. सापाच्या लांबीइतकं तरी अंतर ठेवा, त्याहून जास्त असेल तर उत्तमच. ओळख पक्की झाली नाही तोवर प्रत्येक साप विषारी समजा, आणि ओळख पक्की झाली तरी हात लावायचं कारण नाही.

ओळखीत जाणत्यांचीही चूक होते. जोसेफ स्लोविन्स्की हे विषारी सापांचे नामवंत अभ्यासक. सप्टेंबर २००१ मध्ये उत्तर म्यानमारच्या दुर्गम डोंगरात मोहिमेवर असताना त्यांच्या हातात एक पिशवी आली. आत कवड्याच्या जवळच्या कुळातला बिनविषारी साप आहे असं सांगण्यात आलं होतं. त्यांनी हात घातला आणि पेन्सिलीएवढ्या मण्यारीने त्यांना चावा घेतला. खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर पोहोचू शकलं नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. कवड्या आणि मण्यार यांची गल्लत आपल्याकडेही वारंवार होते. सामान्य कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे फिके होत जातात. मण्यारीचे पट्टे मानेच्या बरेच मागून सुरू होऊन शेपटीकडे ठळक होतात, आणि तिच्या पाठीच्या मध्यावरचे खवले मोठे, षटकोनी असतात. पण ही लक्षणं फोटोतून तपासायची आहेत. अंधारात, सापाजवळ वाकून नाही.

फोटो काढताना सर्वांत आधी लांबून एक फोटो, प्राणी जसा होता तसा, आजूबाजूच्या जागेसकट. मग डोक्याची बाजू, डोकं वरून आणि धडाचा मध्य. त्यावरून जाणकाराला खवल्यांच्या रांगा मोजता येतात. पाच मिनिटांत आटपा. चांगल्या फोटोसाठी सापाला झाकून गुंडाळी करायला लावणं, गार करून सुस्त करणं, फांदीवर नेऊन ठेवणं, हे मला अजिबात मान्य नाही. तो थकतो, तापतो, आणि नुकतंच खाल्लं असेल तर ओकून टाकतो. ते भक्ष्य मिळवायला त्याला कदाचित महिना लागला असेल.

उत्तर अमेरिका आणि युरोपमध्ये जंगली सापांना होणारा एक बुरशीचा रोग आता चांगलाच माहीत झाला आहे. एका रानातली बुरशी दुसऱ्या रानात नेणारे तुमचे बूट आणि हुक असू शकतात. जागा बदलताना चिखल घासून काढा, ब्लीचच्या दहा टक्के द्रावणाने पुसून पूर्ण वाळू द्या.

दंश झालाच तर

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ८१,००० ते १,३८,००० माणसं सर्पदंशाने दगावतात. बाहेर पडण्याआधीच प्रतिविष उपलब्ध असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, तिथे पोहोचायला किती वेळ लागतो आणि मोबाईलला रेंज कुठे येते, हे लिहून काढा. फोन करून प्रतिविष आहे का ते विचारा. अनेक जातींच्या विषावर प्रतिविषच नाही, हेही डोक्यात राहू दे.

चावा बसला तर सापापासून लांब व्हा. अंगठ्या, घड्याळ, बूट काढा, सूज चढते. चावलेला हात किंवा पाय झोळी-फळीने स्थिर करा, माणसाला चालवू नका, थेट रुग्णालयात न्या. करकचून दोरी बांधणं, कापणं, चोखणं, बर्फ लावणं यातलं काहीही करू नका. रुंद बँडेज घट्ट गुंडाळून अवयव स्थिर ठेवण्याची पद्धत ऑस्ट्रेलियात सांगितली जाते, मज्जासंस्थेवर परिणाम करणाऱ्या विषासाठी. घोणस-फुरशासारख्या ऊती सडवणाऱ्या विषात ती घातक ठरू शकते. तुमच्या भागात डॉक्टर काय सांगतात ते आधी विचारून ठेवा. साप पकडून सोबत नेऊ नका. सुरक्षित अंतरावरून फोटो मिळाला तर पुरे.

नोंद ठेवा, जागा सांगू नका

१९९९ साली चीनच्या आग्नेय भागातल्या गोनियुरोसॉरस लुई या पालीचं शास्त्रीय वर्णन छापून आलं. पाळीव प्राण्यांचा व्यापार करणाऱ्यांनी ते वाचलं, जागा गाठली आणि जिथून ती पाल वर्णिली गेली तिथून ती संपवून टाकली. इंडोनेशियातल्या रोटी बेटावरच्या लांब मानेच्या कासवाचंही १९९४ च्या वर्णनानंतर असंच झालं. तेव्हापासून अनेक संशोधक नव्या जातीचं नेमकं ठिकाण छापतच नाहीत.

तुमच्या हातून हे होऊ नये म्हणून फोटो टाकण्याआधी त्यात दडलेली जीपीएसची माहिती काढून टाका. मागे ओळखू येईल असा कडा, पूल किंवा पाटी असेल तर तो फोटो स्वतःजवळच ठेवा. आयनॅचरॅलिस्टवर धोक्यातल्या जातींचं ठिकाण आपोआप सुमारे ०.२ अंशांच्या चौकोनात अस्पष्ट केलं जातं, बाकी जातींसाठी तुम्ही स्वतः तसं निवडू शकता. नेमकी जागा वहीत आणि खात्रीच्या संशोधकाकडे असावी. मित्राने विचारली तरी देताना दोनदा विचार करा. तो विश्वासू असेलही, पण त्याचा मित्र कोण आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं.

वहीत रिकाम्या फेऱ्याही लिहायच्या. तारीख, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, हवेचं आणि जमिनीचं तापमान, पाऊस, किती माणसं, किती दगड, आणि "काही नाही". काही जाती तिथे असूनही दहा-वीस फेऱ्यांत एकदा दिसतात. किती फेऱ्या रिकाम्या गेल्या हे लिहिलेलं नसेल, तर "इथे ती नाही" असं म्हणायला कुणालाच आधार उरत नाही.

माझ्याकडे एका पडक्या दगडी भिंतीची अशी पानं आहेत. नऊ फेऱ्या, नऊ वेळा "काही नाही". दहाव्या फेरीत एका फटीतून कात लोंबत होती. अजून मऊ, बोटांना किंचित ओलसर लागणारी, म्हणजे एक-दोन दिवसांचीच. मोज्यासारखी उलटी सुटलेली. डोक्याकडच्या टोकाला डोळ्यांवरच्या काचेसारख्या दोन गोल टिकल्या शाबूत होत्या. पापण्या असलेल्या सरड्यांच्या कातीवर अशा टिकल्या नसतात आणि त्यांची कात बहुधा तुकड्यांत पडते, त्यामुळे हा सापच होता. धडाच्या मध्यावर खवल्यांच्या रांगा तीन वेळा मोजल्या, तिन्ही वेळा सतरा आल्या. वहीतल्या यादीशी ताडून पाहिल्यावर तीन जाती जुळत होत्या, आणि मी ज्याच्यासाठी येत होतो तो त्या तिघांपैकी एक निघाला. कात तिथेच ठेवली आणि फटीच्या उंचीची खूण वहीत केली.

अकरावी फेरी रिकामी गेली. बाराव्या फेरीत, पाऊस थांबून तास झाला होता, त्याच फटीतून अंगठ्याच्या नखाएवढं डोकं बाहेर आलं, जीभ दोनदा लपलपली आणि आत गेलं. मी टॉर्च बाजूला वळवला. सव्वा नऊला तो पूर्ण बाहेर आला आणि भिंतीवरून खाली उतरून पाचोळ्यात गेला. वहीत त्या रात्रीच्या पानावर भिंतीचं तापमान लिहिलेलं आहे, चोवीस.